जानेफळवालीचं नाव

उकंडरावांच्या नावाची हकीकत आधीच सांगून टाकतो, नाहीतर ती पुढे मध्येच आडवी येईल. उकंडराव जन्मण्याआधी त्यांच्या मायची तीन लेकरं गेली होती. दोन मुली आणि एक मुलगा. मुली गेल्या तेव्हा कोणी काही केलं नाही. मुलगा गेला, तेव्हा घराला जाग आली. चौथ्या खेपेला पुन्हा मुलगा झाला, तसं सुईणीनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि शेजारीण 'कोनाचं व हे टाकलेलं पोर?' असं मोठमोठ्यानं ओरडत त्याला उचलून परत घेऊन आली. मरणाच्या कानावर जावं, की हे लेकरू घरच्यांना नको झालेलं आहे, ह्याला नेण्यात काही मजा नाही. नाव ठेवलं उकंडा. मरण बिचारं भोळं, ते फसलं.

बहात्तराव्या वर्षीही उकंडराव ही गोष्ट चहाच्या दुकानात सांगत आणि शेवटी मांडीवर थाप मारत. "मले कोन नेते बे? मी तं फेकलेला माल हाय!"

गावात त्यांच्या वयाचे पुरुष तसे दोन-तीनच उरले होते. म्हाताऱ्या मात्र देवळामागच्या ओट्यावर मावत नव्हत्या. कलाबाई ही त्या ओट्याची मुख्य. वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली, दात दोन, जीभ मात्र शाबूत. ती म्हणायची, "आम्ही काय, राहून गेलेल्या भेंड्या. कोनी तोडल्या नाही म्हून झाडावरच राठ, वाखाच्या झालो." उकंडरावांचा भाजीचा मळा होता, त्यामुळे त्यांना ही उपमा पटायची. आपण भेंडी नाही, ह्याचाही त्यांना आनंद व्हायचा.

साठीनंतर उकंडरावांचं विसरणं सुरू झालं आणि त्याचा गावभर बोलबाला झाला. देवळातून दुसऱ्याच्या वहाणा घालून येणं हे नेहमीचंच. एकदा तर दोन्ही डाव्याच घालून आले, आणि गावातला दुसरा कोणीतरी आठ दिवस दोन्ही उजव्या घालून फिरला. नांदुऱ्याच्या बाजाराला वांग्यांची टोपली घेऊन गेले, ती मित्राच्या ओसरीवर ठेवली आणि रिकाम्या हातांनी बाजारात बसून राहिले. लोक हसले, पण मायेनं हसले. थोरला मुलगा इंद्रभान घाबरला आणि त्यांना खामगावच्या वैद्याकडे घेऊन गेला. वैद्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि सांगितलं, डोक्याला कोरड पडली आहे. डोक्यावर ब्राह्मीचं तेल चोळा, आणि सात बदाम संध्याकाळी भिजवून सकाळी सोलून द्या.

बदाम कोणी भिजवायचे हे कोणी ठरवलं नाही. ते काम आपोआप म्हातारीकडे गेलं.

म्हातारी म्हणजे उकंडरावांची बायको. तिला सासू 'जानेफळवाली' म्हणायची, कारण माहेर मेहकराकडचं जानेफळ. मुलगा झाल्यावर ती 'इंद्रभानची माय' झाली. उकंडराव तिला 'अवं' म्हणत, फार लाडात आले तर 'ऐकलं का'. त्यावर पन्नास वर्षांचा संसार बिनतक्रार चालला होता. वैद्याचे बदाम सुरू होण्याआधीपासून त्यांच्या विसरण्यावर तिचंच औषध चालू होतं. कोणी पाहुणा आला की ती दाराआडून खोकायची आणि सुनेला सांगतेय असं दाखवून म्हणायची, "जामोदचे पावने आले वाटते. मागच्या साली वांग्याचं बी नेलं होतं, थेच." की उकंडराव बाहेर मोठ्या आवाजात, "या या! काय म्हनते मंग आमचं वांगं?" पाहुणा चकित. म्हाताऱ्याच्या डोक्याला काय झालंय म्हणे! उकंडरावांची अर्धी आठवण दाराआड बसलेली असे, आणि ती त्यांना स्वतःचीच वाटत असे.

पुढे दाराआडून खोकणं आलं तरी त्यापुढे शब्द येईनात. उकंडराव पाहुण्यासमोर तोंड उघडं टाकून बसू लागले. पाहुणा गेला की आत येऊन ओरडायचे, "सांगत काऊन नाही व? जीभ झिजते का?" ती म्हणायची, "सांगतलं ना." आणि चुलीकडे वळायची.

मग भाजीत दोनदा मीठ पडलं. गोवऱ्या आणायला गेलेली म्हातारी हातात तुळशीचं पान घेऊन परत आली. सकाळचे बदाम कधी आले, कधी आले नाहीत. उकंडराव रागावले की म्हणायची, "दिले ना मघाशी." सून रुक्मिणीबाई कपाळाला हात लावायची. घरानं निकाल दिला होता: बाबांचं वय झालं, आणि मायचं ध्यान नाही. बाबांना तेल आणि बदाम मिळाले. मायला 'डोये कुठं ठेवता हो?' एवढंच.

हे सगळं असंच चाललं असतं, पण नातीचं साक्षगंध ठरलं.

मुलाकडचे सात-आठ जण आले. कुंकू लागलं, ओट्या भरल्या, आणि बायकांना नाव घेण्याची लहर आली. एकेकीनं घेतलं. मग साऱ्या म्हातारीच्या मागे लागल्या. "आजी, घ्या ना नाव! नातीचं काम हाय!" म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. हसली. मान हलवली. "आता काय लाजता व, पांढरे झाले केस!" पदर आणखी पुढे आला.

बाहेरून उकंडरावांनी तोंड घातलं. "नका लागू तिच्या मागं. पन्नास सालात नाव नाही घेतलं तिनं माहं. याले म्हनते वळन!"

मुलाचे वडील खूश झाले. म्हणाले, "असं वळन आता कुठं राह्यलं, मामा."

आत बसलेल्या कलाबाईच्या भुवया तेवढ्या वर गेल्या. कारण गावातल्या कुठल्याही लग्नात जानेफळवाली एका दमात पाच उखाणे टाकायची, आणि पाचही वेळा नवऱ्याचं नाव ठसक्यात घ्यायची, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. पुरुष तिथे नसायचे, म्हणून उकंडरावांना माहीत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर म्हाताऱ्याला खोटं कशाला पाडा, म्हणून कलाबाई गप्प बसली. कलाबाई गप्प बसल्याची ही गावाच्या आठवणीतली एकच वेळ.

मग चहा आला. म्हातारी हौसेनं स्वतः कप घेऊन निघाली. मुलाच्या काकाला तिनं एक कप दिला. फिरून आली आणि आणखी एक दिला. तिसराही त्यालाच. तो बिचारा पाहुणा म्हणून पीत राहिला. मुलाचे वडील शेजारीच कोरडे बसले होते. त्यांच्यासमोर ती थांबली आणि गोड हसून विचारलं, "कोनाचे जी तुम्ही?" त्यांनी सांगितलं. ती आत गेली, परत आली, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कोणीतरी खुदकन हसलं, आणि व्याह्यांनी टोपी डोक्यावर घातली.

इंद्रभाननं हातापाया पडून त्यांना बसवलं, दुसरा चहा झाला, साक्षगंध पार पडलं. पण पाहुणे गेल्यावर उकंडरावांनी अंगणात, सुनेसमोर, शेजाऱ्यांसमोर, अजून न गेलेल्या बायकांसमोर आवाज चढवला. "पावन्याले चहा नाही, वरून इचारते कोनाचे! डोकस्कं इकलं का तुनं? माहं नाक कापलं आज! जाय, भावाकडं जाय चार दिस. अक्कल ठिकान्यावर आली का मंग ये!"

म्हातारी म्हणाली, "जाते." आणि थोडं थांबून, "भावाकडं मंजे कुठं?"

सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. रुक्मिणीबाई पदरात तोंड घालून म्हणाली, "मायनं आज बरोबर टोला हानला!" उकंडरावही मनातून जरा चरकले, म्हातारी एवढी तिखट कधी झाली म्हणून.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः तिला नांदुऱ्याच्या स्टँडवर घेऊन गेले. मेहुण्याला, म्हणजे महादेवरावांना, 'बहीण येते, उतरवून घ्या' असं कार्ड आदल्या दिवशी लिहिलं होतं. मेहकरच्या गाडीत तिला खिडकीजवळ बसवलं, गाठोडं मांडीवर दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, "म्हातारीले जानेफळले उतरव बापा." गाडी हलताना तिनं खिडकीतून विचारलं, "तुम्ही नाही येत का?"

"मी कायले येऊ? माहेर तुहं!"

गाडी गेली. उकंडरावांना मोकळं वाटलं. हॉटेलात बसून त्यांनी गरम भजी खाल्ली. पुढे त्यांना ह्या सगळ्या प्रकरणातलं काय काय आठवायचं नाही, पण ही भजी मात्र ते कधीच विसरू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदाम आले नाहीत. रुक्मिणीबाई म्हणाली, "बदामाचं मायलेच ठावं, बाबा." मग उकंडराव स्वतःच स्वयंपाकघरात शिरले. बहात्तर वर्षांत ते तिथे जेवायला सोडून कधी बसले नव्हते, त्यामुळे कोणती वस्तू कुठे असते ह्याचा पत्ता नव्हता. मिठाचं मडकं उघडलं, पिठाचा डबा उघडला. शेवटी चुलीमागच्या फळीवर, गोवऱ्यांच्या आडोशाला, त्यांना एक पितळी वाटी दिसली. तिच्यात भिजवलेले बदाम. मग तिच्यामागे आणखी एक. मग कोनाड्यात तीन. उतरंडीमागे सहा.

अकरा वाट्या निघाल्या. काहींतलं पाणी आटून गेलं होतं, काहींत बदाम फुगून, सालीसकट काळे पडून कुजले होते. एकीत बुरशीचा पांढरा कापूस आला होता. पण प्रत्येक वाटीत बदाम सातच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

उकंडराव त्या वाट्या ओळीनं मांडून त्यांच्यासमोर उकिडवे बसले. ताक मागायला आलेली कलाबाई दारातच थबकली. तिनं वाट्या पाहिल्या, म्हातारा पाहिला.

"भाऊजी, तुमचं इसरनं बेमारी," ती म्हणाली, "अन् तिचं इसरनं चाळे. हाव ना?"

"तुले ठाऊक होतं?"

"साऱ्या ओट्याले ठाऊक हाय. थ्या दिशी नाव घेतलं नाही तिनं. जिच्या तोंडातून तुमचं नाव खळखळ वाहे, थे पदर घेऊन बसली. मी तवाच ओळखलं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही वळन वळन म्हून नाचत होते. मी काय सांगू?"

उकंडरावांना त्याच दिवशी जानेफळला जावंसं वाटलं. पण चार दिवस म्हणून बोलून बसले होते, भर अंगणात, साऱ्यांदेखत. दुसऱ्याच दिवशी धावत गेलं तर लोक काय म्हणतील? बायकोशिवाय करमत नाही म्हणतील. म्हणून ते थांबले. एवढ्या एका कारणासाठी थांबले.

पाचव्या दिवशी महादेवरावांचा मुलगा निवृत्ती कापसाची गाडी घेऊन नांदुऱ्याला आला होता, तो वाट वाकडी करून घरी आला. पाय धुतले आणि आत हाक मारली, "आत्या! ओ आत्या! कुठं गेली माही आत्या?"

रुक्मिणीबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"थे तं तुमच्याकडं हाय," उकंडराव म्हणाले.

"आमच्याकडं? कधी?"

"कार्ड नाही मियालं का?"

"कोनतं कार्ड?"

उकंडरावांचा काळा कोट खुंटीवर होता. इंद्रभाननं खिशात हात घातला. एक तंबाखूची पुडी निघाली, एक सुपारी निघाली आणि मेहुण्याच्या पत्त्याचं, नीट घडी न पडलेलं, शिक्का नसलेलं करकरीत कार्ड निघालं. पेटीत टाकायचं राहून गेलं होतं.

बापाच्या विसरण्यावर हसायची त्या घराला सवय होती, पण त्या दिवशी कोणालाच हसता आलं नाही, आणि रागवायची सवय नव्हती. इंद्रभाननं कार्ड कोटात परत ठेवलं, जणू ते अजून टाकता येणार होतं.

तिघेही तडक मेहकरच्या गाडीत बसले. इंद्रभान खामगावच्या स्टँडवर चौकशीला उतरला. निवृत्ती जानेफळला उतरला, आजूबाजूच्या खेड्यांत पाहायला. उकंडराव एकटे मेहकरला पोचले, तेव्हा दुपार झाली होती. चौकशीच्या खिडकीसमोर पाच-सहा माणसं उभी होती. त्यांचा नंबर आला.

"बाई हरपली जी आमची. म्हातारी. पाच दिस झाले. नांदुऱ्याच्या गाडीत बसवून देल्ली होती."

आतल्या बाबूनं कागद ओढला. "नाव?"

"उकंडराव."

"तुमचं नाही. बाईचं."

"इंद्रभानची माय."

"नाव सांगा आजोबा. बाईचं नाव."

उकंडरावांनी तोंड उघडलं आणि तिथे काहीच नव्हतं.

असं त्यांना नेहमी व्हायचं, तसं हे झालं नव्हतं. नेहमी विसरायचे तेव्हा आत कुठेतरी खाजायचं, शब्द जिभेच्या मागे हालचाल करायचा, वहाणा कुठल्यातरी देवळाबाहेर आहेत एवढं कळायचं. इथे खाजतही नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात घर धुंडाळलं. माय तिला जानेफळवाली म्हणायची. बाप हाकच मारत नसे. मतदानाच्या यादीसाठी गुरुजी घरी आले तेव्हा उकंडरावांनी ऐटीत सांगितलं होतं, लिहा ना, इंद्रभानची माय, आणि गुरुजींनी हसून आत जाऊन सुनेला विचारलं होतं. सुनेला ठाऊक होतं. गुरुजींना ठाऊक होतं. सरकारला ठाऊक होतं. लग्नात कोणीतरी ते नाव उच्चारलं असेल, पण तेव्हा वाजंत्री वाजत होती आणि नवरदेव एकोणीस वर्षांचा होता, त्याचं लक्ष जेवणाकडे होतं.

ते विसरले नव्हते. त्यांनी ते कधी घेतलंच नव्हतं.

"होते बाबा, वय झालं का होते," मागचा माणूस कनवाळूपणे म्हणाला. "बसवा रे त्याहिले." कोणीतरी त्यांना बाकावर बसवलं. कोणीतरी पाणी आणून दिलं. "बिचाऱ्याले बायकोचं नावबी आठोत नाही," एक बाई हळहळली. उकंडरावांनी ते पाणी प्यायलं. सांगायला हवं होतं, की अहो, वयानं नाही. त्यांनी सांगितलं नाही. दया आयती मिळत होती, ती त्यांनी मुकाट्यानं गिळली.

बाबू खिडकीतून वाकून म्हणाला, "आजोबा, बाहेर रहेमतुल्लाच्या चहाच्या दुकानात एक म्हातारी हाय, चार-पाच दिवसांपासून. थे नवऱ्याचं नाव सांगत नाही, तुम्ही बायकोचं. जोडी जमते का पाहून घ्या."

सगळे हसले. उकंडराव उठले.

रहेमतुल्लाचं दुकान म्हणजे स्टँडच्या कुंपणाला टेकलेलं पत्र्याचं छप्पर आणि मागे त्याचंच घर. उकंडरावांनी विचारताच त्यानं भट्टीवरून हात काढला. "तुमची हाय का? अल्ला, छुटलो! काका, चार दिवस झाले, साऱ्या मेहकरनं तिले नवरा इचारला. जानेफळ आलं तं उतरली नाही, म्हने हे माहं गाव नाही, माह्या गावात एवढी दुकानं कुठं! कंडक्टरनं इथं आनून बसवली. कोनाची म्हटलं तं पदर घेते अन् हासते. मंग गिऱ्हाइकायले खेळच झाला. एक जन म्हने, आजी, भाऊराव का? हाव. दुसरा म्हने, गनपत का? हाव. कोनतंबी नाव घ्या, हाव. लोक म्हने, वा रे म्हातारी, मरून जाईन पन नवऱ्याचं नाव घेनार नाही!"

आतून त्याची बायको गौसिया आली. तिनं उकंडरावांना जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "शरम नही है वो, भाईजान. मैं रात-दिन साथ रही ना. चूल वेगळी मांडून दिली उनको, भाकर ऐसी थापते, एकदम गोल. हाथ कुछ नही भूले. मगर पहल्या दिवशी मैंने कान में पूछा, खाला, मेरे को तो बोलो. तो मेरा हाथ पकड़के रोने लगे. बोले, मले आठोतच नाही बाई. कोनाले सांगू नको."

पदर. साक्षगंधाच्या दिवशीचा तो पदर, आणि बाहेरून ओरडलेलं ते 'वळन'.

म्हातारी मागच्या अंगणात पाटावर बसली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. तिनं वर पाहिलं, प्रसन्न हसली आणि म्हणाली, "या, बसा. कोनाचे जी तुम्ही?"

त्यांच्यामागून दुकानातले तीन-चार गिऱ्हाईक तमाशा पाहायला आत शिरले होते. "आजी, हाच का तो? सांग, नाव काय याचं? घे एकदा नाव!"

म्हातारीनं पदर ओढला. लोक खिदळले. पदराच्या कडेवरून तिचे डोळे उकंडरावांच्या चेहऱ्यावर फिरत होते. कपाळ, मिशा, कान, पुन्हा कपाळ. काहीतरी हरवलेलं शोधावं तसे. त्या डोळ्यांत लाज होती, पण नवरीची नव्हती.

"राहू द्या," उकंडराव म्हणाले. "नाही घेत थे. आमच्याकडं वळन हाय तसं."

पदर हळूच खाली आला.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "आपुन कुठं जाऊन राह्यलो?" त्यांनी सांगितलं. दर दोन मैलांनी तिनं विचारलं, आणि दर दोन मैलांनी त्यांनी सांगितलं. मोजायचं झालं तर तिनं इतकी वर्षं दाराआडून त्यांना सांगितलेलं कितीतरी जास्त भरलं असतं.

जानेफळला महादेवराव स्टँडवरच उभे होते. बहिणीला पाहून त्यांचे डोळे भरले. चहा झाला, शिव्या झाल्या, त्या सगळ्या उकंडरावांनी मान खाली घालून घेतल्या. मग गाडीला अवकाश होता म्हणून दोघे चिंचेखाली उभे राहिले, आणि उकंडरावांनी बहात्तर वर्षांच्या आयुष्यातला सगळ्यात जड प्रश्न विचारला.

"महादेव, तुह्या बहिनीचं नाव काय?"

मेहुणा हसला. मग त्यानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसू आवरलं.

"कोनतं? तुमच्याकडचं का आमच्याकडचं?"

"दोन हायत?"

"आमची जनका. तुमच्या घरी धाकट्या चुलतीचं नाव जनका होतं, म्हून तुमच्या मायनं लग्नात बदललं. अन्नपूर्णा ठेवलं." महादेवराव जरा जवळ सरकले. "भाऊजी, खरंच ठाऊक नव्हतं का?"

"इसरलो," उकंडराव म्हणाले. आणि ते खोटं बोलतानाही त्यांना पाणी आणून देणारी ती स्टँडवरची माणसं आठवली.

घरी आल्यावर त्यांनी अकरा वाट्या स्वतः राखेनं घासल्या. संध्याकाळी सात बदाम भिजवले. सकाळी सोलले. सोलताना त्यांच्या लक्षात आलं, की बदामाचं साल ओल्या बोटांनी पटकन निघत नाही, नखानं उचलावं लागतं, आणि सात बदामांना बराच वेळ जातो. हा वेळ इतकी वर्षं कोणीतरी रोज देत होतं. मग ते वाटी घेऊन अंगणात आले, घसा खाकरला आणि भर सकाळी, शेजाऱ्यांच्या देखत, हाक मारली.

"अन्नपूर्णा!"

म्हातारीनं मान वळवली नाही. पाठीमागे रुक्मिणीबाईच्या हातातला झाडू थांबला. शेजारच्या अंगणात कोणीतरी हसू दाबलं.

"अन्नपूर्णा! ओ!"

काही नाही. ज्या घरानं ते नाव ठेवलं, त्या घरानं ते कधी वापरलंच नव्हतं. ते कसं टिकणार?

त्यांनी हळू आवाजात, घाबरत, दुसरं घेतलं. "जनका."

"काय व माय?" म्हणत ती वळली. दहा-अकरा वर्षांच्या पोरीसारखी वळली. समोर म्हातारा पाहून जराशी बावरली. "तुम्ही कोन?"

"हे बदाम खाय."

"अन् नाव काय तुमचं?"

"उकंडा."

ती तोंडाला हात लावून हसली. "अगा माय! उकिरड्यावर टाकलं होतं का तुमाले?"

"हाव," उकंडराव म्हणाले. "टाकलं होतं. अन् उचललं."

हे रोज व्हायला लागलं. रोज हाक, रोज बदाम, रोज तोच प्रश्न. गावात बातमी फिरली की म्हातारा पुरता चळला, बायकोला माहेरच्या नावानं हाका मारतो, भर अंगणात. चहाच्या दुकानातली पोरं त्यांना चिडवायची, "काय उकंडबा, आज नाव घेतलं का?" इंद्रभान धास्तावला आणि खामगावहून बापासाठी बदामाची आणखी एक पुडी घेऊन आला. उकंडरावांनी ती घेतली आणि तीही तिलाच घातली.

फक्त एकदा, संध्याकाळी देवळामागून जाताना, ते ओट्याजवळ थांबले. कलाबाई एकटीच होती.

"कला," ते म्हणाले, "मेहकरच्या खिडकीवर लोकायले वाटलं म्हातारा इसरला. मी इसरलो नव्हतो. मले ठावंच नव्हतं."

कलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यभर तिच्या तोंडी असायचं तसलं काहीतरी टोचरं आता येईल, आणि ते यावंच, असं उकंडरावांना वाटत होतं.

"माह्यावाल्यालेबी ठावं नव्हतं," ती म्हणाली. "थो तं तसाच मेला."

उकंडराव त्यानंतर दोन हिवाळे जगले. तिसऱ्यात तीन दिवसांच्या तापानं गेले. उकिरड्यावरून उचललेल्याला मरण विसरलं होतं, पण कायमचं नाही. म्हातारी पुढे आणखी नऊ वर्षं होती. तिच्या आठवणीतून एकेक करून सगळं गेलं: मुलगा गेला, सून गेली, घर कुठलं तेही गेलं. तब्येत मात्र ठणठणीत. सकाळी सून तिला ओट्यावर कलाबाईजवळ आणून बसवायची. ऊन जरा वर आलं की म्हातारी अस्वस्थ व्हायची आणि रस्त्याकडे पाहत राहायची.

"थो बदामवाला म्हातारा नाही आला व आज?"

"येईन," कलाबाई म्हणायची.

"त्याचं नाव काय व?"

"उकंडराव."

"अगा माय," म्हातारी हसायची. "टाकलं होतं का त्याले?"